नागपुरात घरी सोलर वॉटर हीटर बसवला: पाइप, पाणी, बिल आणि माकडं

ऑगस्टमध्ये आमचा वरच्या बाथरूमचा २५ लिटरचा गिझर गळायला लागला. तेरा वर्षं चालला होता, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार नाही. प्लंबर भाऊंनी तो खाली उतरवून आडवा केला तर आतून खळखळ आवाज, आणि तोंडातून पांढरे पापुद्रे पडायला लागले, चांगले दोन ओंजळी भरतील एवढे. एलिमेंटवर तर चुन्याचं प्लास्टरच चढलेलं. भाऊ म्हणाले, "ताई, हा पाणी नाही तापवून राहिला, दगड तापवून राहिला."

नवीन गिझर आणून टाकणं हा सगळ्यात सोपा मार्ग होता. पण तेवढ्यात मी विजेची जुनी बिलं काढून बसले (बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो बघायची सवय लावून घ्या). ऑक्टोबरमध्ये १९० युनिटच्या आसपास आणि जानेवारीत ३२४. थंडीत ना कूलर ना पंखा, म्हणजे वाढलेलं सगळं गरम पाण्याचंच. आणि महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढे गेलं की दर जवळपास दुप्पट होतो, ३०० च्या पुढे अजून वर चढतो, त्यात वीज शुल्क वेगळं. म्हणजे गिझरचं प्रत्येक युनिट आपल्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट असतं. आमच्याकडे माणसं पाच, मी, नवरा, मुलगी आणि आई-बाबा म्हणजे सासू-सासरे. बाबांना बाराही महिने गरम पाणी लागतं, मे महिन्यातही कोमट तरी पाहिजेच.

आधी वाटलं फाइव्ह स्टार गिझर घ्यावा. पण गिझरवरचे स्टार काय सांगतात ते वाचलं, तर ते मुख्यतः तापलेलं पाणी नुसतं टाकीत पडून असताना किती उष्णता वाया जाते त्याचे असतात. आम्ही तर वीस मिनिटं लावतो, आंघोळ करतो, बंद करतो. मग त्या स्टारचा आम्हाला फायदा कितीसा? पाणी तापायला जेवढी वीज लागायची तेवढी लागतेच, १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायचं तर साधारण ३ युनिट, त्यातून सुटका नाही.

मग हीट पंप. फ्रिज जसा आतली उष्णता बाहेर फेकतो तसा हा बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात आणून सोडतो, त्यामुळे तेवढंच पाणी साधारण एक तृतीयांश विजेत तापतं. नागपूरच्या हवेला तर छानच. पण घरगुती युनिटचे भाव ऐकले तर लाखाच्या घरात, आणि दुरुस्तीला माणूस कुठून आणायचा हा प्रश्न. माझी बहीण फ्लॅटमध्ये राहते, तिच्याकडे गच्चीवर हक्क नाही, अशांनी मात्र याचा जरूर विचार करावा. गॅस गिझर आमच्या यादीत कधी नव्हताच. बंद बाथरूममध्ये त्याने कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी निदान तो बाथरूमच्या बाहेर मोकळ्या जागी बसवून घ्या.

राहिला सोलर. आमचं घर त्रिमूर्तीनगर साइडला, एक मजली, गच्ची मोकळी, दक्षिणेला उंच बिल्डिंग नाही. अजून तरी नाही.

सप्टेंबरमध्ये चौकशी सुरू केली आणि पहिला गोंधळ सबसिडीचा. एका दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, "घ्या ना ताई, ७८ हजार सबसिडी भेटते." ती सबसिडी आहे खरी, पण पीएम सूर्यघर योजनेतली, म्हणजे छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी, ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टिमला. पाणी तापवणाऱ्या सोलरचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याच्यासाठी केंद्राची वेगळी सबसिडी होती ती २०१४ च्या सुमारास बंद झाली. दोन्हीला लोक नुसतं "सोलर" म्हणतात त्यामुळे हे होतं, तर दुकानात गेलात की आधी "पाण्याचा की विजेचा" हे ठरवून बोला. हो, एक चांगली गोष्ट झाली, २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर वॉटर हीटरवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला. आमची काही कोटेशन त्याच्या आधीची होती, ती नव्या दराने परत लिहून घेतली.

दुसरा प्रश्न नळ्यांचा की प्लेटचा. प्लेटवाल्यात (एफपीसी) काचेखाली तांब्याच्या बारीक नळ्या असतात, मजबूत असतो, माकडांनी उडी मारली तरी सहन करतो, पण पाणी जड असेल तर त्या बारीक नळ्या चुन्याने बंद होतात. मग हीट एक्स्चेंजरवाला (म्हणजे नळ्यांत फिरणारं पाणी वेगळं आणि वापरायचं वेगळं) घ्यावा लागतो, तो अजून महाग. काचेच्या नळ्यांचा (ईटीसी) स्वस्त, थंडीत आणि ढगाळ दिवशी बरा चालतो, नळी जाड असल्याने पटकन चोक होत नाही, पण काच ती काचच.

मग पाणी तपासलं. टीडीएसचा पेन सगळ्या आरओवाल्यांकडे असतो, पण तो पाण्यात एकूण काय काय विरघळलंय ते सांगतो, जडपणा वेगळा मोजावा लागतो. त्याचं छोटं किट मिळतं, त्यात पाण्याचा नमुना घेऊन थेंब थेंब औषध टाकायचं आणि लालसर रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. मुलीने हे काम आनंदाने केलं. आमचं बोअरचं पाणी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आसपास आलं, नळाचं म्हणजे पेंच धरणाचं १५० च्या. पिण्याच्या पाण्याचा भारतीय मानकातला आकडा २०० आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे गिझर कोणी मारला ते कळलं.

इथून पुढे सगळा खेळ पाइपचा. आमच्या गच्चीवर एकच सिंटेक्स, त्यात बोअर आणि नळ दोन्हीचं पाणी मिसळून, आणि ती टाकी ठेवलेली गच्चीच्या फरशीपासून जेमतेम दोन फुटांवर. नळ्यांच्या सोलरला पंप नसतो. नळीतलं पाणी तापलं की हलकं होऊन वर टाकीत जातं, टाकीतलं गार पाणी खाली येतं, एवढंच. पण सोलरच्या टाकीत पाणी चढायला गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या वर पाहिजे. दुकानदार हे सांगतात, पण विकून झाल्यावर सांगतात. तुमच्याकडे प्रेशर पंप लावलेला असेल तर साधा ईटीसी चालत नाही, प्रेशरवालाच घ्यावा लागतो, हेही आधीच विचारून घ्या.

प्लंबर भाऊ, नवरा आणि बाबा, तिघांनी गच्चीवर उभं राहून बराच वेळ काथ्याकूट केला. शेवटी ठरलं की जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवर लोखंडी अँगलचा छोटा स्टँड, त्यावर ५०० लिटरची नवी टाकी, आणि तिच्यात फक्त नळाचं पाणी. जुनी टाकी बोअरची राहील, ती धुण्याभांड्याला आणि संडासला. सोलरला जड पाणी द्यायचंच नाही. हा आमच्या घरातला सगळ्यात शहाणा निर्णय आणि तो बाबांचा.

आई मात्र गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आणि माझ्या कुरडया कुठी वाळवू?" प्रश्न बरोबर होता, गच्चीचा दक्षिणेकडचा उन्हाचा कोपरा उन्हाळ्यात त्यांचाच असतो. कुरडया, सांडगे, वड्या सगळं तिथेच. शेवटी सोलर जिन्याच्या खोलीला चिकटून बसवायचा ठरला, पाइपही कमी लागला आणि कोपरा मोकळा राहिला.

सोलरचं तोंड दक्षिणेला पाहिजे. ती नेमकी कुठे हे बघायला मोबाइलचा कंपास काढला, तर गच्चीत सळ्या असल्याने तो दर पावलाला वेगळं सांगायला लागला. बाबांनी झाडूचा दांडा उभा धरला आणि दुपारी बाराच्या आगेमागे सावलीची टोकं खडूने मांडत गेले. सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा ती बरोब्बर उत्तरेला पडते, तिच्या उलट दिशेला दक्षिण. फिटर आला तेव्हा त्याने खडूची रेघ बघितली आणि म्हणाला, "हे कोणी काढलं जी? माझं काम वाचलं."

साइझबद्दल पण सांगते. सगळेच २०० लिटरचा घ्या म्हणत होते. पण सोलरचं पाणी ६० अंशांच्या आसपास असतं, त्यात तेवढंच २० अंशांचं गार पाणी मिसळलं की ४० चं होतं, म्हणजे १५० लिटरमधून आंघोळीजोगं ३०० लिटर पाणी मिळतं. पाच माणसांना पुष्कळ. १५० चा, १५ नळ्यांचा घेतला. आतली टाकी स्टीलची, बाहेर पफचं (फोमचं) इन्सुलेशन, आणि मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड आहे ना हे नक्की बघा. टाकीच्या ऐवजी तो रॉड झिजतो, तेच त्याचं काम.

ऑर्डर २७ सप्टेंबरला दिली. दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणजे दीक्षाभूमीच्या बाजूचे रस्ते वळवलेले असतात, आमच्या भागात टेम्पो यायचा म्हणजे वैतागच, म्हणून आम्हीच त्याला दसऱ्यानंतर या म्हटलं. ६ ऑक्टोबरला माल आला. वेल्डरचा स्टँड तोवर झाला नव्हता, तो "उद्या देतो" म्हणत होता, ते उद्या आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. नळ्यांची खोकी तोवर हॉलमध्ये सोफ्यामागे, आणि मुलीच्या मैत्रिणी आल्या की माझा जीव टांगणीला.

११ तारखेला, शनिवारी, फिटिंग. हे बघायला मजा आली. नळीचं तोंड साबणाच्या पाण्यात बुडवायचं आणि टाकीच्या रबराच्या रिंगमध्ये हळूहळू फिरवत घुसवायचं, दाबायचं नाही, फिरवायचं. प्रत्येक नळीच्या बुडाला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. फिटरने तो दाखवून सांगितलं की हा डाग पांढरा दुधाळ झाला की समजा नळीतली निर्वात पोकळी गेली, नळी फुटलेली दिसत नाही पण ती पाणी तापवत नाही. हे मला फार उपयोगाचं वाटलं, कारण आता वर गेलं की एक नजर टाकली की तब्येत कळते.

दुपारचे दोन वाजले होते, मी म्हटलं आता पाणी सोडून बघू. फिटर दोन्ही हात वर करून, "नाही नाही मॅडम, आज नाही." रिकाम्या नळ्या उन्हात प्रचंड तापतात आणि त्यात गार पाणी पडलं की तडकतात. पाणी पहिल्यांदा भरायचं ते पहाटे किंवा सूर्य गेल्यावर. पुढे टाकी कधी दिवसा रिकामी झाली तरी हाच नियम, दुपारी मोटर लावायची नाही.

आता पाइप. जुन्या घरात गरम पाण्याची लाइन गच्चीवरून येत नाही, गिझरपासून नळापर्यंत दोन फूट असते तेवढीच. त्यामुळे वरचं बाथरूम, खालचं बाथरूम आणि किचन, तिन्हीकडे बाहेरच्या भिंतीवरून नवीन लाइन घ्यावी लागली. पाइप सीपीव्हीसीचाच पाहिजे, साधा पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, स्वस्त पडतो म्हणून कोणी सुचवलं तरी नाही म्हणा. वरून काळं फोमचं इन्सुलेशन आणि त्यावर ॲल्युमिनियमची टेप, ती टेप उन्हासाठी. सीपीव्हीसीलाही ऊन खातं. टाकीवरून एक हवेचा पाइप उभा सोडतात, त्याचं तोंड गार पाण्याच्या टाकीच्याही वर गेलं पाहिजे, नाहीतर त्यातून पाणी वाहत राहतं.

जाडीवरून भाऊंशी थोडा वाद झाला. ते एक इंची म्हणत होते, धार चांगली येते म्हणून. पण पाइपमध्ये थांबलेलं पाणी गार झालेलं असतं, ते आधी निघून जातं आणि मग गरम येतं. किचनपर्यंत लाइन जवळपास ५५ फूट. पाऊण इंचीत साधारण चार लिटर पाणी अडकतं, एक इंचीत सात. गच्चीवरून खाली मुख्य लाइनही पाऊण इंची घेतली, धार ठीक येते. तरी ते चार लिटर रोज आहेतच. नळाखाली आधी छोटी बादली लावते, ते पाणी भाजी धुवायला नाहीतर कुंड्यांना.

वरच्या बाथरूममध्ये शॉवरचा मिक्सर आहे आणि गार पाणी बोअरच्या टाकीचं, गरम वरच्या टाकीचं, दोघांची उंची वेगळी. अशा वेळी मिक्सरमधून एका लाइनचं पाणी दुसऱ्या लाइनीत घुसतं. दोन्हीकडे एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्ह, बसवून घेतले. हे कोणी आपणहून सांगत नाही, आणि मग लोक म्हणतात सोलरचं पाणी गार का येतं.

१७ तारखेला काम संपलं आणि २० ला नरक चतुर्दशी. पहाटे पाचला आईंनी सगळ्यांना उठवलं, उटणं, तेल, आणि नळाला आदल्या दिवशीच्या उन्हाचं पाणी. बाबांनी सरळ गरम नळाखाली हात धरला आणि ओरडले. पाणी खरंच चटका देणारं असतं, गिझरसारखं थर्मोस्टॅट नाही. म्हातारी माणसं आणि पोट्टे असतील तर बादलीत आधी गार, मग गरम, हा घरात नियम करा.

मी किचनमधला थर्मामीटर घेऊन नोव्हेंबरमध्ये थोडे दिवस बघितलं. संध्याकाळी ६२, पहाटे ५६ च्या आसपास. ढगाळ दिवसानंतर एकदा ४४ आलं. ते आंघोळीला चालतं, पण शेवटच्या माणसाला जरा कमी पडतं. यासाठी सोलरच्या टाकीतच इलेक्ट्रिक एलिमेंट टाकायचा आग्रह दुकानदार करतात, आम्ही नाही घेतला. तो अख्खं १५० लिटर तापवत बसतो. खालच्या बाथरूमचा १५ लिटरचा गिझर तसाच ठेवलाय, तो एकदा तापवायला पाऊण युनिटही लागत नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश तापमान झालं होतं, असे दिवस परत आले तर तो लागेलच.

खर्च सांगते, कारण मला आधी कोणी नीट सांगितला नव्हता. सोलर जीएसटीसकट २४,५००. टाकी आणि स्टँड ७,४००. पाइप, व्हॉल्व्ह, नळ वगैरे ९,८००. मजुरी ६,५००. इन्सुलेशन २,२००. एकूण ५०,४००. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे सोलर सोडून बाकी गोष्टींत गेले, आणि कोटेशनमध्ये मात्र फक्त पहिला आकडा असतो. थंडीच्या महिन्यात १२०-१३० युनिट वाचतील असा आमचा हिशोब, म्हणजे महिन्याला दीड हजाराच्या वर. पण नागपुरात हे चार महिनेच, बाकी वर्षभर बाबांची एक बादली. त्यामुळे "दोन वर्षांत पैसे वसूल" कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या. आमचे सहा-सात वर्षांत होतील. नवीन घर बांधत असाल तर गरम पाण्याची लाइन तेव्हाच टाकून ठेवा, सोलर नंतर घ्या, खर्च बराच कमी होईल.

महापालिकांमध्ये असे उपकरण असलेल्या घरांना सामान्य करात थोडी सूट द्यायची सोय आहे, म्हणून झोन ऑफिसला अर्ज दिला. सोबत जीएसटीचं बिल, गच्चीवरचा फोटो आणि चालू वर्षाची कर भरल्याची पावती. पोच घ्यायला विसरू नका, तारखेचा शिक्का असलेली. माणूस बघायला येईल म्हणालेत, मी वाट बघते आहे.

माकडं नोव्हेंबरच्या शेवटी आली. आमच्याकडे काळ्या तोंडाची मोठी टोळी फिरते, टाकीवरून थेट नळ्यांच्या फ्रेमवर. त्यातल्या एकाने टाकीवर आरामात पाठ टेकली, कोमट लागत असावी. नळी फुटली नाही, पण दुसऱ्याच दिवशी मोठ्या भोकांची तारेची जाळी अँगलवर फूटभर उंच लावून घेतली, तिची सावली नगण्य पडते. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात त्यालाही ती थोडी कामी येईल. एखादी नळी गेलीच तर एकटी बदलता येते, फिटरने ३५० ते ४०० रुपये सांगितले.

उन्हाळ्यात अर्ध्या नळ्यांवर हिरवी नेट टाकायची, कारण तेव्हा पाणी उकळायला लागतं आणि वापर नसतो. टाकी मात्र भरलेली ठेवायची. ॲनोड रॉड पुढच्या दिवाळीआधी उघडून बघायचा. वॉरंटी कार्डवर दुकानाचा शिक्का, तारीख आणि सिरीयल नंबर तीनही आहेत ना ते माल उतरवतानाच तपासा, आमच्या कार्डवर नंबर लिहायचा राहिला होता, टेम्पोवाल्याला थांबवून फोनवर लिहून घेतला.